मागुराच्या मिशा

सोलापूर, ता. ८ जुलै १९३४

तीर्थस्वरूप मामंजींच्या चरणी सूनबाई बजाचा शि. सा. न. वि. वि.

आपण आमच्या उंबऱ्यावरून माघारी फिरलात त्याला दोन महिने होतील. बाप हयात असताना मिशी काढणाऱ्याचं तोंड बघणार नाही, असं आपण बोललात. हेही आपलेच चिरंजीव! गिरणीतले सगळे कारकून काढतात, मिशी काही बापाच्या आयुष्याला बांधलेली नाही, असं म्हणून अडून बसले. मधल्यामधे मी दोन्हीकडचे टोले खाते.

आता नवीन खूळ. यांनी सुताराकडून काचेची पेटी करवून घेतली, सांध्यांत डांबर भरलं आणि सीना नदीकाठच्या डबक्यातून मागूर माशाची पिल्लं आणून सोडली. बोटाच्या पेराएवढी, काळी कुळकुळीत, तोंडाशी केसासारख्या मिशा. मी कणीक घालते, तिला तोंड लावत नाहीत. रोज दोन-चार कमी होतात. मेलेली दिसत नाहीत, नुसती नसतात. शेजारच्या मांजरीला मी केरसुणीही हाणली. हे गिरणीतून आले की आधी पेटीत डोकावतात, मग जेवण जात नाही. मामंजींना माशांतलं कळतं, त्यांना विचारा म्हटलं तर पेटी पुसायला लागतात. म्हणून मीच विचारते.

सासूबाईंना नमस्कार. राग ओसरावा, माया आहे तेवढीच राहावी.

आपली,
सौ. बजा

केम, ता. १५ जुलै

चि. सौ. बजाबाईस कुंडलिकाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. ज्ञानबाचं नाव मी काढणार नाही. माशांबद्दल लिहितो.

मासा कालवणात घालायचा असतो, पेटीत नाही. पण आणलाच आहे तर उपाशी मारू नये. मागूर कणकेवर जगत नाही. त्याला पाण्यातले वळवळणारे किडे लागतात, जरा वाढला की चिरलेलं गांडूळ. मांजरीची माफी माग. थोरलं पिल्लूच धाकट्याला खातं, तेव्हा थोरली निराळी काढ. पाणी वीतभर पुरे, त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते. आणि झाकण घाल, नाहीतर हा प्राणी सरपटत फिरायला निघतो.

तुझी सासू हसून बेजार झाली आहे. तिचं म्हणणं, माशास्नी मिशा हायत आन् लेकाला न्हाईत, कलियुग लई पुढं गेलं की. मी हसलो नाही.

किती जगली ते उलट टपाली कळव. माशांचंच कळव. आशीर्वाद आहेत, तूर्त तुला एकटीला.

कुंडलिक

सोलापूर, ता. १९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामंजींस शि. सा. न. वि. वि.

पिल्लं जगली! अंगणात रांजण उघडा ठेवला, त्यात डासांच्या अळ्या झाल्या. शेजारच्या सुगराबी आधी भांडायला आल्या, सगळ्या गल्लीला डास फोडून खातायत म्हणाल्या. आता त्याच मेंदीच्या झाडाखालची गांडुळं आणून देतात. थोरली घंगाळात काढली आणि एकमेकांना खाणंही थांबलं. परवा एक झाकणाखालून निसटलं ते मोरीत सापडलं, जिवंत. हे धोतर सावरत त्याच्यामागे धावले, हसून माझं पोट दुखलं.

आपलाच सल्ला होता, हे यांना सांगितलं. पेटीपाशी जाऊन बसले आणि आबांचा, म्हणजे आपला, खोकला कसा आहे, असं विचारलं.

मासे बघायला या. हे दिवसभर गिरणीत असतात, तोंड बघायची वेळ येणार नाही. वाट बघते.

आपली लाडकी,
सौ. बजा

केम, ता. २ सप्टेंबर

चि. ज्ञानबास अ. उ. आ. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. काल एक सांगायचं राहिलं.

तू लवकर घरी येणार हे बजाने मला सांगितलं नव्हतं, आणि मी आल्याचं तुला. पोरगी कावेबाज आहे, पण तिला बोलू नकोस. तुझी पावलं ऐकली तेव्हा मी पेटीसमोर होतो. शपथ होती, म्हणून मान वळवली नाही. तूही पेटीच्या पलीकडे बसलास आणि गांडुळाचे तुकडे सोडायला लागलास. मी माशांकडेच बघत होतो. तेवढ्यात एक मागूर वर आला आणि नेमका तुझ्या ओठासमोर थांबला, मिशा दोन्हीकडे पसरून. ज्ञानबा, काय झोकदार मिशी होती रे ती! मला हसू आवरेना. कारण कळलं नाही तरी तूही हसलास.

मग मासा खाली गेला आणि काचेपलीकडे तुझं बिनमिशीचं तोंड समोर राहिलं, लहानपणी होतं तसंच. ते मला बघवणार नाही असं वाटलं होतं, पण बघून मन भरेना. चहा पिताना मी डोळे पुसले ते खोकल्यामुळे नव्हे. मिशी ठेव नाहीतर काढ, तुझं तू बघ. दसऱ्याला दोघंही या. मासे सुगराबीच्या हवाली कर.

आमच्यावर तुझा जीव आहे, तो असाच राहो.

तुझा धडधाकट, हयात बाप
कुंडलिक