खिशातली पावती

१३ जून ८८

माय,

तुला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. संस्कृतच्या एम.ए.साठी पुण्याहून मुलाखतीचं पत्र आलंय, म्हणून सहाच्या एस.टी.ने निघते. कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. खाऊन घे.

आबांच्या शेवटच्या दिवशी सकाळी तुझं डोळ्यांचं औषध संपलं, तेव्हा ते म्हणाले होते, "ऊन उतरलं की आणतो." दुपारी एकला मी त्यांना झोपेतून उठवलं. माझ्या अर्जाची ती शेवटची तारीख होती आणि मी तोवर अर्ज खोडत, पुन्हा लिहीत बसले होते. टोपी घालताना ते हसले, "मरेल भाषासाठे जित्ता बापले उनमा पयाडस ही पोर!" मेलेल्या भाषेसाठी जित्या बापाला उन्हात पळवते, या त्यांच्या थट्टेवर मीही हसले.

ऊन लागून ते देवपूरच्या रस्त्यात कोसळले. घरी आणलं तेव्हा खिशात तुझ्या औषधाची बाटली होती आणि माझा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवल्याची पावती. बाटली मी राहू दिली, पावती काढून घेतली. लोक म्हणाले, बायकोच्या औषधापायी गेले. मी ऐकून घेतलं. तेव्हापासून तू त्या बाटलीचं बूच उघडलेलं नाहीस.

पावती या चिठ्ठीला टाचली आहे. तारीख बघ. आजपासून डोळ्यांत औषध घालत जा.

उद्या रात्री आल्यावर हेच तुझ्यासमोर बसून सांगेन. औषधासाठी आबा संध्याकाळी जाणार होते. दुपारच्या उन्हात त्यांना मी पाठवलं.

प्रमिला