उसनंपासनं बंद करताना

५ फेब्रुवारी

ठरलं. 'उसनंपासनं' बंद करायचं. महिनाभर तिकडे कोणी फिरकलेलं नाही. आपणच उभी केलेली वेबसाइट, आपणच कुलूप लावायचं! शिडी, ड्रिल, शिवणयंत्र — शेजाऱ्याचं दार वाजवायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी होती. आता सगळे ग्रुपवर मागतात.

अडचण एकच. सर्व्हर माझ्या नावावर, वेबसाइटचं नाव त्याच्या. घटस्फोटात भांडीकुंडी वाटून झाली, हे वाटायचं राहिलं.

६ फेब्रुवारी

फोन केला. "रविवारी येतो," म्हणाला. बस, एवढंच.

८ फेब्रुवारी

जुना कोड उघडून बसले. आई गं! एका ठिकाणी त्याची टीप — "हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये." त्याखाली माझी — "लावला. आता चालत नाही." त्याखाली पुन्हा त्याची — "सांगितलं होतं!!" एकटीच खुदुखुदु हसत होते.

सुरू केलं तो दिवस आठवला. सगळ्यात आधी नणंदबाई आल्या वापरायला. फोन नंबर टाकला तो मराठी आकड्यांत, आणि गाडी तिथेच अडली. "वहिनी, माझाच नंबर मला चुकीचा म्हणतंय गं!" तो म्हणाला, ताईला सांग, इंग्रजी आकडे टाक. मी म्हटलं, ताई बरोबर आहेत, चुकलोय आपण. ऑफिसात नव्या पोरांना अजून हेच सांगते — माणूस काय टाइप करेल ते आपण ठरवायचं नाही.

आणि ते तारे! शेजारी किती चांगला, त्याप्रमाणे त्याला तारे द्यायचे. सहा महिने खपलो त्या ताऱ्यांवर. एकानेही कुणाला एकही तारा दिला नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, "शेजाऱ्याला मार्क दिल्यावर राहायचं कुठं मग?" आधीच विचारलं असतं तर!

१० फेब्रुवारी

तो आला. कानाजवळ केस पिकलेत. चष्मा घरी विसरला, माझाच लावून बसला.

"सगळं पुसायच्या आधी एक प्रत काढून घेऊ," म्हणाला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. दोघंही हसत सुटलो!

कारण पहिल्याच वर्षी ह्याच माणसाने सरावाची समजून खरी माहिती पुसली होती. सगळी माणसं, सगळ्या शिड्या — गायब. प्रत? काढलीच नव्हती! पांढराफटक पडला होता. ओरडायला तोंड उघडलं, पण तो चेहरा बघून शब्द गिळले. "चल, चपला घाल," म्हटलं. दारोदार हिंडलो. "तुम्ही काय देणार होतात हो?" सगळीकडे बसवून घेत. चहा पिऊन पोटं डब्ब झाली. एका आजोबांनी आधी न नोंदवलेला टाइपरायटरही लिहायला लावला. त्या आठवड्यात जेवढी माणसं कळली तेवढी स्क्रीनवर कधी कळली नाहीत. तेव्हापासून प्रत काढल्याशिवाय मी एक ओळ पुसत नाही. आणि तेव्हाच वाटलं होतं, ह्याच्याबरोबर म्हातारं व्हायला हरकत नाही.

झालो नाही. मोठ्या नोकऱ्या आल्या, वेगळी शहरं आली. धड भांडायलाही वेळ मिळाला नाही.

शेवटचं बटण दोघांनी मिळून दाबलं. निघताना दारात रेंगाळला.

"काय रे?"

"काही नाही. बोलू नंतर."

११ फेब्रुवारी

पडदे धुतले. उगाचच. गुणगुणतेय काय, हसतेय काय — वेडी!

१३ फेब्रुवारी

त्याचा फोन. पुढच्या महिन्यात लग्न करतोय. "तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. रविवारीच सांगणार होतो... पण तू इतकी हसत होतीस, धीर झाला नाही."

बरं झालं, नाही सांगितलं. रविवार तरी माझा राहिला.