आत्याने काढलेलं घड्याळ

वसतिगृह, खोली १४
८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोलीतल्या दोघींनी ते माझ्याआधी बघितलं आणि आत्याने एवढा कागद कोरा का सोडलाय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमची आत्या शिंपीण आहे, शिवणीत दाबायला जागा सोडल्याशिवाय तिला काही बेतता येत नाही. पण खरंच, डावीकडे चांगली चार बोटं जागा सोडली आहेस. मे महिन्यातल्या पत्रात दोनच होती.

संख्याशास्त्राच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून मी मेंदूचा विषय घेतला. नाव ‘मेंदूची तोंडओळख’, पण ओळख कमी आणि तोंडपाठ जास्त. वर्ग तळघरात आहे. खिडक्या छताजवळ आहेत, त्यांतून फक्त लोकांचे पाय दिसतात. आम्ही सत्तर जण. सरांच्या टेबलावर प्लास्टिकचा मेंदू असतो, त्याचे आठ भाग सुटे होतात. मी जुळवला की एक तरी उरतोच. गेल्या आठवड्यात बरणीतला खरा मेंदू हातमोजे घालून हातोहात फिरवला. ओल्या पुठ्ठ्यासारखा रंग. माझ्या हातात आला तेव्हा मला एवढंच वाटलं, हा पडला तर कोणाला सांगायचं.

पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ मिळाले. वर्गात एका डॉक्टरचा मुलगा आहे, त्याला तेवीस. तो प्रश्न संपायच्या आधी हात वर करतो. बाबांना यातलं काही कळवू नकोस. संख्याशास्त्र सोडलं हेही त्यांना माहीत नाही.

एप्रिलमधली तुझी चक्कर पूर्ण गेली ना? नीट लिही. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मुंगी


दुकान
१९ जुलै

चि. मुंगीस,
अ. आ.

नऊ गुण म्हणजे नऊ गोष्टी आल्या. मी पहिला सदरा शिवला त्याला डोकं घालायला जागाच नव्हती. माझ्या गुरूने तो मलाच घालून दाखवायला सांगितला होता.

चक्कर गेली. डॉक्टरने पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं होतं, मी आठव्या दिवशी मशीनवर बसले. मला काही झालेलं नाही. इतरांचंच लक्ष उडालं आहे. आपली काजवाली वीस वर्षं माझ्याकडे काज-बटनं करते, पण हल्ली माझी छोटी कात्री कुठेतरी ठेवते आणि समोरच आहे म्हणते. दुपारी ताट वाढते त्यात भाजी नसते. मी बोलले की ताट फिरवून देते आणि भाजी असते. हातचलाखी शिकली आहे. तूही पत्रात ओळी अर्ध्याच लिहितेस, तिने वाचून दाखवल्या की पुऱ्या होतात.

परवा बँकेतल्या गृहस्थांनी कोट परत आणला. डाव्या बाहीला खालची दुमडच नाही म्हणाले. मी म्हटलं, तुमचा हात आखूड झाला असेल. ते म्हणाले, बाई, दोन्ही हात एकाच दिवशी जन्माला आले आहेत. काजवालीने मान खाली घातली. हसू दाबत असणार.

हे दादाच्या कानावर घालू नकोस. दुकान बंद करायला त्याला निमित्तच हवं आहे. तुमच्या घरातली मागची खोली रिकामी आहे. तिथे मला सगळं वेळेवर मिळेल आणि मी हात मांडीवर ठेवून बसेन. मशीन थांबलं की माझं काय उरतं ते मला माहीत आहे. तुला लिहिते, कारण तुझ्या पोटात राहतं.

जेवण टाळू नकोस. तुला कायम जवळ धरणारी,
आत्या


वसतिगृह
२८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आमच्या खोलीची भिंत रिकामी आहे. लहानपणी तू मला खडूने चिंध्यांवर चित्रं काढून द्यायचीस. तशी तीन पाठव. एक घड्याळ, आकडे आणि काटे घालून. एक फूल, सगळ्या पाकळ्यांचं. आणि आपलं कापायचं टेबल, त्यावरच्या सगळ्या वस्तूंसकट.

सोबतच्या कागदावर मी आडव्या रेघा मारल्या आहेत. टेप न लावता प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर खूण कर. शिंप्याचा डोळा चुकत नाही अशी मी इथे पैज लावली आहे. काजवालीची मदत घ्यायची नाही.

रस्ता ओलांडताना मात्र तिला बरोबर घेत जा. उगीच सांगते. घाईत आहे, म्हणून थोडक्यात. रागावू नकोस.

तुझी,
मुंगी


दुकान
४ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. आ.

चित्रं पाठवते. घड्याळ तीनदा काढलं. पहिली दोन फाडली, तुझ्या मैत्रिणी बघणार म्हणून. काटे सव्वाचारवर ठेवले आहेत, तू जन्मलीस ती वेळ. काजवाली बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली, छान आहे म्हणाली आणि दोऱ्याची रिळं आवरायला निघून गेली. तिला कलेत गती नाही.

रेघांचं काम सोपं होतं. पैज जिंकलीस की कळव.

माझे आशीर्वाद आणि भिंतीला शुभेच्छा.
आत्या


वसतिगृह
१३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला न विचारता मी संख्याशास्त्र सोडून मेंदूचा विषय घेतला. त्याचा राग नंतर काढा. हे पत्र आत्याबद्दल आहे.

एप्रिलमध्ये तिला नुसती चक्कर आली नव्हती. सरांनी वर्गात शिकवलं की मेंदूच्या उजव्या भागात रक्त पोचलं नाही, तर काही माणसांना डावी बाजू उरतच नाही. डोळे चांगले असतात. पण तिकडे काही असतं हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. आपलं चुकतं आहे हेही कळत नाही. ती खोटं बोलत नसतात.

मी भिंतीला लावायला म्हणून तिच्याकडून चित्रं मागवली. घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले आहेत. फुलाला डावीकडे पाकळ्या नाहीत. टेबल अर्धंच आहे. रेघांच्या खुणा सगळ्या उजवीकडे सरकल्या आहेत.

मी ती सरांना दाखवली. त्यांनी नाव न सांगता घड्याळ पडद्यावर लावलं. मागून डॉक्टरचा मुलगा म्हणाला, घड्याळजींचा कागद संपला वाटतं, आणि काही जण हसले. सर त्याला बोलले. मी त्यावर टिपण लिहिलं, पंचवीसपैकी चोवीस मिळाले. इतका स्वच्छ नमुना बघायला मिळत नाही, असं सर म्हणाले. मला आनंद झाला, बाबा. खोलीवर येईपर्यंत होता.

तिच्या हातात मोठी कात्री असते. ती रोज एकटी रस्ता ओलांडते. तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. दुकान बंद करू नका. आणि हे पत्र तिला दाखवू नका, मी तिला स्वतः सांगेन.

तुमच्या आज्ञेत राहू न शकलेली,
मुंगी


घर
२२ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुकानात गेलो. तिने ऐकून घेतलं नाही. मी एक म्हटलं की ती दोन म्हणे. शेवटी तुझं पत्र पुढे ठेवलं. ती ओळींची फक्त उजवीकडची टोकं वाचत होती, त्यामुळे अर्थ लागेना. मग तिने काजवालीला वाचायला सांगितलं. काजवालीने सगळं मोठ्याने वाचलं, शेवटच्या दोन ओळींसकट. तुझी आत्या कात्री टेबलावर ठेवून उठली.

डॉक्टरांनी तू लिहिलंस तेच सांगितलं. ती आमच्याकडे मागच्या खोलीत आहे. दुकानाची किल्ली मी घेतली. महिनाअखेर जागा सोडतो असं मालकाला कळवलं.

तू योग्य तेच केलंस. चोवीस गुण चांगले आहेत. एक कुठे गेला ते सरांना विचार. प्रकृती सांभाळावी.

तुझे,
बाबा


मागची खोली
३० ऑगस्ट

मुंगीस,

हे काजवाली लिहून घेते आहे. शब्द माझे आहेत. काही तिला आवडले नाहीत, तरी लिहायला सांगितले आहेत.

आजाराचा राग नाही. तो अजून मला दिसतही नाही, लोक सांगतात म्हणून आहे. दादाला कळवलंस त्याचा राग आहे, पण तो जाईल. मी गाडीखाली येऊ नये म्हणून केलंस. घड्याळाचा जात नाही.

आत्या, मला तुझी परीक्षा घ्यायची आहे, असं लिहिलं असतंस तर मी घेऊ दिली असती. तू भिंत रिकामी आहे म्हणालीस.

मी छत्तीस वर्षं लोकांची मापं घेतली. कोणाचा एक खांदा उतरलेला. कोणाची पाठ वाकडी. एका बाईची छाती एका बाजूने काढलेली होती. टेप लावला की माणूस श्वास रोखतं. आपलं व्यंग हिला कळलं, हे त्याला कळतं. तेव्हा तोंडातून शब्द काढायचा नसतो. आकडा वहीत लिहायचा, आणि शिवताना आतून कापसाचा थर द्यायचा. पुढचं गिऱ्हाईक आलं की ती वही उघडी ठेवायची नाही. हे मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही. तू माझ्या टेबलाखाली चिंध्यांत बसून वाढलीस. मला वाटलं, तुला आलं असेल.

तू माझं माप मागितलंस, मी दिलं, आणि तू ते सत्तर माणसांपुढे टांगलंस. नाव सांगितलं नाही म्हणतेस. नाव नसलं तरी अंग माझंच होतं.

इथे सगळं वेळेवर मिळतं. उत्तराची घाई नाही.

आत्या


वसतिगृह
५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

मी सरांकडून चित्रं परत आणली. पडद्यासाठी केलेली प्रतही आणली. तुला न विचारता ती वर्गात नेली होती हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हे मी आधी विचारायला हवं होतं. त्यांनी गुण कापले नाहीत. कापले असते तर बरं झालं असतं.

पत्र दाखवू नका असं मी बाबांना लिहिलं होतं. हे सांगून मी सुटत नाही. पण ते दाखवलं हे वाचलं, तेव्हा तुला काय झालं असेल ते थोडंसं कळलं. थोडंसंच.

सरांनी दोन निरोप दिले आहेत. पहिला असा की टेबलाच्या डाव्या कडेला लाल काहीतरी लावायचं, आणि ते दिसेपर्यंत मान वळवायची. रोज केलं तर काही जणांना जमतं. दुसरा निरोप द्यायला मला लाज वाटते. तू स्वतः वर्गात येऊन बोलशील का, असं त्यांनी विचारलं आहे. तुला हवं ते, हवं तितकं. त्यांनी मला तीनदा बजावलं की आग्रह करायचा नाही. मी करत नाही.

माफीला पुरतील असे शब्द सापडत नाहीत. तरी मागते.

मुंगी


दुकान
२४ सप्टेंबर

मुंगीस,

हे मी लिहिते आहे. काजवालीने कागदाच्या डाव्या कडेला लाल दोरा टाचला आहे. दोऱ्यापासून ओळ सुरू करायची. मान दुखते, पण ओळ पूर्ण होते.

टेबलालाही तिने तसाच दोरा लावला. पहिल्या दिवशी वळले, तर तिथे अर्धं टेबल होतं. दोन महिने शोधत होते ती छोटी कात्री होती. खडूचे चार तुकडे होते. मी तिला येता-जाता चोर म्हणत होते. तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या, चोराच्याच हातात किल्ली आली आहे. दादा जागा सोडत होता, ती तिने आपल्या नावावर घेतली. पाटी तीच आहे. सकाळी दादा मला आणून सोडतो. मी स्टुलावर बसून सांगते, ती कापते. कात्री माझ्या हाती देत नाही. छत्तीस वर्षांनी मी माझ्या दुकानात पाहुणी आहे. मागच्या खोलीपेक्षा बरं.

एक गोष्ट परवा कळली. मे महिन्यापासून मी घरी गेले की ती माझ्या डाव्या बाह्या उसवून पुन्हा करत होती. बँकवाल्यांची तेवढी निसटली. मला नाही, दादाला नाही, कोणालाच बोलली नाही. दादा म्हणतो, बोलली असती तर औषध लवकर सुरू झालं असतं. बरोबर आहे. ती गप्प बसली ते चुकलंच, आणि तू बोललीस म्हणून मी आज इथे आहे. हे मी मनाला रोज सांगते. मन ऐकून घेतं, आणि तिच्याजवळ जाऊन बसतं.

सरांना सांग, मी येईन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दादाबरोबर. पडदा लागणार नाही, मी समोर असेन. माझं नाव सांगूनच सुरू करा. कागद संपला म्हणणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा. त्याच्यावर राग नाही, तो मला ओळखत नव्हता.

तू मात्र पुढे बसू नकोस. माझ्या डाव्या हाताला, कडेच्या बाकावर बस. मला वाटलं तर मी मान वळवीन.

आत्या