झाडं संपतात तिथून चोवीस मीटर

३ फेब्रुवारी, मंगळवार
काल झालं ते, क्रमाने.
१. संध्याकाळी ७.१०. कंपनीतून घरी येत होते. गाडी मी चालवत होते. एकटी.
२. जुनी इंदूरकडे येणारा रस्ता. नमकीनच्या दुकानासमोर डिव्हायडरमध्ये कट आहे. तिथे स्कूटर.
३. ब्रेक दाबला. पुरला नाही.
४. स्कूटरवर कैलाशजी, वय ५२. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. उजवी मांडी मोडली. हेल्मेट होतं, तरी डोक्याला मार.
५. हॉस्पिटलात मी नेलं. तिथून ठाण्यात.
६. गुन्हा: बेफाम गाडी चालवणे, गंभीर दुखापत. जामीन ठाण्यातच मिळाला. बाबांनी सही केली.
७. माझा जबाब: वेग पस्तीस-चाळीस. ते एकदम समोर आले.

वेग मी पाहिला नव्हता.

४ फेब्रुवारी
ऑफिस. मी ब्रेकची चाचणी करते. ट्रॅकवर दिवसाला वीस वेळा गाडी थांबवायची, अंतर लिहायचं. आज मॅनेजरने लायसन्सची कॉपी मागितली. शिक्षा झाली तर ट्रॅकवर चालवायची परवानगी जाणार. बाकी काय काम देता येईल ते बघू म्हणाले. ‘बघू’ दोनदा.
डबा खाल्ला. भेंडी होती बहुतेक.

६ फेब्रुवारी
बर्वेकाकांकडे. बाबांचे शाळेतले मित्र, आता माझे वकील. त्यांनी समजावलं: चालान पेश होईल, म्हणजे आरोपपत्र. लायसन्स तीन महिने सस्पेंड होऊ शकतं, त्याची नोटीस वेगळी. कोर्टात काही कबूल करायचं नाही. आधी पेशंटला भेटायचं. “फळं घेऊन जा बेटा. तो आदमी कोर्टात म्हणाला ना, की माझी चूक, तर केस में कुछ बचता नहीं.”
काकूंनी पोहे दिले. वरून टाकायला जिरावन मसाला मागून घेतला, मग टाकलाच नाही.

९ फेब्रुवारी
नमकीनच्या दुकानात गेले. कॅमेरा बरोबर कटकडे बघतो. दुकानदार म्हणाला, पुलिसवाले तो आए ही नहीं दीदी, पंद्रह दिन में अपने आप मिट जाता है. पेन ड्राइव्हवर घेतलं. ते एकदम आले, हे दाखवता येईल म्हणून.
उघडलं नाही अजून. वेळ नाही असं नाही.

१४ फेब्रुवारी
हॉस्पिटल. मांडीत रॉड घातलाय. त्यांच्या बायकोने, सुनीताजींनी, मला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. चिकू नेले होते.
कैलाशजींना त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही. दुकानातून निघाले, मग हॉस्पिटलचं छत. तरी म्हणाले,
“गलती मेरी ही थी मैडम. मैं एकदम से सामने आ गया.”
कसं कळलं, विचारलं. सुनीताजी म्हणाल्या, ठाण्यातल्यांनी वाचून दाखवलं. चूक यांचीच निघाली तर विम्याकडून भरपाई कापली जाईल, असं दुकानाच्या शेठजींनी सांगितलंय. कामावर कधी जाता येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. कैलाशजी हसले. “इंदौर में तो भिया, खड़ा आदमी भी रॉन्ग साइड होता है.”
त्या हसल्या नाहीत.
वाक्य माझं आहे. ‘एकदम’सकट.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी फुटेज उघडलं.
स्कूटर थांबलेली आहे. माझी गाडी येण्याआधी पूर्ण नऊ सेकंद. पुढचं चाक कटच्या थोडं बाहेर, एक पाय जमिनीवर, मान माझ्या दिशेला.
मग टेप घेऊन गेले. दुसरं टोक बाबांनी धरलं. झाडणाऱ्या बाई थांबून म्हणाल्या, नगर निगम से हो? बाबा म्हणाले, हाँ. आयुष्य बँकेत गेलं त्यांचं.
डिव्हायडरचा काळा-पिवळा ठोकळा: ०.६० मी. वीस ठोकळे ओलांडायला ११ फ्रेम, सेकंदाला १५ फ्रेम. वेग ५९. चूक धरून ५६ ते ६२. रस्त्यावर बोर्ड ४० चा.
डिव्हायडरवरची झाडं संपतात तिथून स्कूटर दिसते. तिथून कट २४ मी.
५९ ला थांबायला लागतात ३५.
४० ला २०.
म्हणजे चार मीटर आधी थांबले असते.
तीनदा केलं. तेच.

२७ फेब्रुवारी
आरटीओची नोटीस आली. संध्याकाळी बर्वेकाका आले, खुशीत. राजीनामा तयार. इथल्या कोर्टाच्या भाषेत समझोत्याचा कागद, त्यात ‘मी अचानक पुढे आलो, मॅडमची चूक नाही.’ खाली कैलाशजींची सही, झोपून केलेली, वर चढत गेलेली.
मी आकडे सांगितले. काकांनी चष्मा काढून पुसला.
“हे गणित तुला कुणी करायला सांगितलं?”
कुणीच नाही.
“पेन ड्राइव्ह मला दाखवू नकोस. मी बघितला नाही तोवर मला माहीत नाही. दुकानातलं फुटेज तर आतापर्यंत मिटलंच असेल. समझ रही हो ना?”
हो म्हटलं. समजलं होतंच.

८ मार्च
रंगपंचमी. गल्ली रिकामी, सगळे गेरच्या मिरवणुकीला. बाबा आणि मी घरी. मटार सोलत होते. म्हणाले, टेप धरली मी, आणि आकडा सांगितलास बर्व्याला, मला नाही.
मग त्यांनाही सांगितला. त्यांनी विचारलं, चार मीटर म्हणजे केवढं? सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, म्हटलं. त्यांनी दाराकडे बघितलं. मग, नोकरीचं काय?
माहीत नाही.
पुन्हा मटार.

९ मार्च, सोमवार
दुपारी पाठवलेल्या मेलची नक्कल.

बर्वेकाका,
सोमवारी, १६ ला कोर्टात पेशी आहे. त्याआधी हे लेखी.
कैलाशजी थांबलेले होते. माझा वेग ५६ ते ६२ मध्ये होता. ठाण्यात मी दिलेला जबाब चुकीचा आहे आणि तो मला बदलायचा आहे. राजीनामा कोर्टात देऊ नये. फुटेजची एक प्रत मी आज सुनीताजींना दिली, काय आहे ते सांगून. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. दुसरी प्रत कोर्टासाठी माझ्याकडे आहे.
परिणाम तुम्ही सहा फेब्रुवारीला समजावले होते, ते लक्षात आहेत.
हे सगळं धरून तुम्ही माझी केस चालवाल का? नाही म्हणालात तर मला दुसरे वकील बघायला दोन दिवस लागतील. म्हणून शुक्रवार, १३ मार्च, संध्याकाळपर्यंत कृपया उत्तर द्यावं.