वाळूचा वास

१२ नोव्हें., बुध.
तेलाची विहीर सुरू झाली. यंत्र तिकडे कावेरीच्या खोऱ्यात आणि हे इथे नारायण पेठेत, गॅलरीत येरझाऱ्या घालताहेत. जागा ह्यांनी सुचवलेली. निवृत्त व्हायच्या आधीपासून त्या जागेसाठी भांडत होते. आता सल्लागार म्हणून ठेवून घेतलं तेव्हा कंपनीने ऐकलं. हृदयाच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं, म्हणून मुग्धा गेली आहे. ह्यांच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी.
ही शेवटची विहीर. तसं ते म्हणत नाहीत. मी म्हणते, मनातल्या मनात.
सकाळी दूध करपलं. मी अंघोळीला, हे ओट्याशेजारीच पेपर वाचत. पत्ताच नाही. मागच्या वर्षीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. दगड हुंगून सांगणारा माणूस, सांगणार कुणाला.

१४ नोव्हें., शुक्र.
सगळा संसार झाला, आज पहिल्यांदा विचारलं, की खाली नक्की असतं काय. मला वाटायचं तळं असेल. "तळं नाही गं. वाळूचा दगड. पाव चहात बुडवल्यावर चहा जसा पावात राहतो, तसं तेल त्यात." वर चिकणमातीच्या दगडाचं झाकण हवं, नाहीतर सगळं वर निघून जाणार. झाकणाला घुमटासारखा बाक हवा, तेल अडायला. आणि हे सगळं तेल यायच्या आधी तयार हवं. पाहुणे जेवून गेल्यावर पानं मांडून उपयोग नाही (हे माझं).
तेल जिथे शिजतं त्याला ह्यांच्यात किचन म्हणतात. आच कमी पडली तर कच्चं, जास्त झाली तर नुसता गॅस. म्हटलं, जन्मभर जमिनीखालची स्वयंपाकघरं शोधत हिंडलात, घरातलं दिसलं नाही ते. हसले. बऱ्याच दिवसांनी.
अजून एक गंमत. खाली पाणी लागलं तर विहीर कोरडी म्हणायची! ह्या लोकांचं सगळंच उलटं.

१७ नोव्हें., सोम.
वरचा वाळूचा थर लागला. मुग्धाने दगडाचा चुरा डबीत घालून पाठवला.
आमच्या घरात खिडकी नसलेली खोली एकच, बाथरूम. अंधार हवा म्हणून दोघं आत शिरलो, दार लावून घेतलं. ह्या वयात शेजारी काय म्हणतील. नोटा तपासायचा असतो तसला जांभळा दिवा ह्यांनी लावला आणि चुरा चमकला. पिवळसर, सोनेरी. तेल असलं की असं चमकतं म्हणे. मी ह्यांचं मनगट धरलं.
मग डबी माझ्या नाकाशी धरली. "वास घे. सांग."
ते कामाचं मला कधी काही विचारत नाहीत.
हे सुट्टीवर घरी आले की कपड्यांच्या पेट्या मीच उपसायची. दोन वास पाठ आहेत. एक ग्रीसचा, तो डाग जाता जात नाही. दुसरा चांगल्या विहिरीवरून आलेल्या कपड्यांचा, रॉकेलच्या जवळचा पण गोडसर, घरभर व्हायचा. डबीत पहिला होता.
ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "येतोय. तेलाचाच."

१८ नोव्हें., मंगळ.
ह्यांनी ऑफिसला कळवलं, चमक आहे, वासही आहे. तिकडे आनंद. उद्या सकाळी ठरणार: खालच्या थरापर्यंत जायचं नाही, इथेच थांबून तपासणी करायची.
दाढी करताना गुणगुणत होते. कात्रजचं श्रीखंड आणलं, डॉक्टरांना न विचारता.
म्हणजे माझ्या एका शब्दावर यंत्र थांबणार. खाली खरोखरच काही असलं तर? माझी वाटी तशीच झाकून ठेवली. मी त्यांना सुख द्यायला गेले आणि...

१९ नोव्हें., बुध.
चहा हातात देतानाच सांगितलं. "परवा खोटं बोलले. ग्रीसचा वास होता."
 ह्यांनी चहा तसाच ठेवला. मग उठून माझा अडकित्ता घेतला, बाथरूममध्ये गेले. मी मागोमाग. चुऱ्यातला एक खडा दिव्याखाली धरला, चमकला. अडकित्त्यात कचकन फोडला. आत काळाकुट्ट. दुसरा फोडला, तोही. तेल असतं तर दगडाच्या आतून चमकतं. हे वरवरचं माखलेलं.
"फोडून बघायचं. पहिला धडा आहे हा. पोरांना मीच शिकवतो."
लगेच मुग्धाला फोन, स्पीकरवर. पाइपांच्या आट्यांना लावतात ते ग्रीस दिव्याखाली धरायला सांगितलं. थोड्या वेळाने तिचा आवाज, बारीक: "सर, सेम कलर आहे. सॉरी सर, मीच चेक करायला हवं होतं."
मला वाटलं आता ओरडणार. हे म्हणाले, "मुग्धा, मला वास येत नाही. वर्ष झालं. तो रिपोर्ट तुझ्या काकूंच्या नाकाचा होता."
 ती म्हणाली, "काकू आहेत का तिथे? काकू, सायकलच्या चेनसारखा होता का?" म्हटलं, हो. "मग बरोबर ओळखलंत."
यंत्र थांबवायचं नाही असं ऑफिसला तेव्हाच कळवलं. वासाचंही सांगून टाकलं. माझं नाव घातलं नाही.
नंतर मला म्हणाले, "तुला वाटलं मला सोसणार नाही?" हो म्हटलं. "किती कोरड्या गेल्या आजवर. तुला कुठे कळल्या."
कळायच्या. कोरडी गेली की घरी येऊन वरणभात मागायचे. तेल लागलं की मसालेभात. मी कधी विचारलं नाही, करून वाढत आले.
श्रीखंड मी संपवलं.

२२ नोव्हें., शनि.
खोदाई चालू. हे शांत आहेत. दुपारी माझ्याशेजारी बसून शेंगा सोलल्या. शेंग नाकाशी नेतात, हुंगतात, टाकतात. सवय. मला रडूच आलं, पाणी प्यायला म्हणून उठले.

२६ नोव्हें., बुध.
खालच्या थरातली डबी आली, मुग्धाच्या चिठ्ठीसह. "सर, ग्रीस चेक केलंय. खडे फोडलेले नाहीत, तुमच्यासाठी ठेवलेत. वास मला येतोय, पण कसला ते सांगत नाही. काकूंनी सांगावं."
शहाणी आहे.
ह्यांनी डबी उघडलेली नाही. अडकित्ता पुसून घेतला, दिवा लावला, बाथरूममधून हाका चालू आहेत. "अगं, येतेस का?" आले म्हटलं. दोन ओळी लिहून जाते. जो वास येईल तोच सांगणार, तोंडाकडे न बघता.
तांदूळ धुऊन ठेवलेत. वरणभात की मसालेभात, ते बाहेर आल्यावर.