पौषातली बत्ती

ता. १६ डिसेंबर १९५६, निमगाव केतकी
रोज लिहायचं ठरवलं आणि चार दिवस वहीला हात लावला नाही. चुकलं. चित्त ठिकाणावर नाही. ससे अजून तसेच. मादी नराच्या खोक्यात ठेवली की कोपऱ्यात अंग चोरून बसते. दोन्ही माद्यांचं तेच.
दिवाळीत दत्तूने ससे पुण्याहून आणून दिले. तिकडं तो औषधांच्या कारखान्यात आहे. जाताना म्हणाला, "बाबा, पिल्लं व्हायला लागली तर औषधं तपासायला कारखानाच ती इकत घेणार. मग मी नोकरी सोडून घरी येतो. न्हाईतर साहेब मुंबईला धाडतोय. माघात त्याला हो का न्हाई ते सांगायचं हाय."
एकदा मुंबईला गेला की मग सणापुरताच.

ता. २० डिसेंबर
सशांच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट दुहेरी केलं. दाराला घोंगडी. बाळंतिणीच्या खोलीत कसा अंधार असतो, वारं नको, कुणाची नजर नको, तसं. हिचंही हेच मत. ओव्याची धुरी दिली. ससे शिंकत बसले.

ता. २ जानेवारी १९५७
बारामतीला ढोरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "खोलीत उजेड किती?" म्हटलं, जरासुद्धा नाही, चांगला बंदोबस्त केलाय. डॉक्टर हसले. म्हणाले, थंडीत दिवस लहान, त्यात तुमचा अंधार, मादी राजी होणार कशी? दिवस मोठा झालासा वाटला पाहिजे. खिडकी उघडा, रात्री निजानीज होईतो दिवा ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा.
येताना एस.टी.च्या मोटारीत हुसेनभाई भेटले. वरातीला ग्यासबत्त्या भाड्याने देतात ते. त्यांना सगळं सांगितलं.
"लगीन व्हायच्या आधीच बाळंतिणीची खोली? आबा, तुमी लई घाईचे!"
सगळी मोटार हसली. मीही हसलो, पण...

ता. ४ जानेवारी
गोणपाट काढलं. ही रागावली. "उघड्यावर नजर लागली म्हंजे?" कंदील टांगला, पण कोपरे काळेच. संध्याकाळी हुसेनभाई स्वतः बत्ती घेऊन आले. "पौष हाय, लगनं न्हाईत. पडूनच हाय, ठिवा." भाडं घेईनात.
ही म्हणाली, "अवं, पौषात कुणाची वरात काढताय?"
"सशांची, वहिनी," हुसेनभाई म्हणाले. "तुमी करवली."
ही पदर तोंडाला लावून आत गेली.
बत्तीच्या फुसफुशीने ससे पाय आपटतात. भ्याले तर उलटंच व्हायचं. काही सुचत नाही.

ता. ११ जानेवारी
काळी मादी आज पळाली नाही. नर तिच्यावर चढला आणि एकदम कडेला धपकन पडला. मेला वाटून मी पाण्याला धावलो. परत येतो तो बसून लसूणघास खातोय. ही हसून हसून भिंतीला टेकली.
पांढरी चावली त्याला.

ता. २९ जानेवारी
माघ लागणार. हुसेनभाई बत्ती न्यायला आले. "अंथुर्णे गावची वरात हाय, आबा. आता माणसांची पाळी." दिली. पुन्हा कंदील. पोटात असलं काही तर कंदिलाच्या एवढ्याशा उजेडात टिकेल ना? त्यांना विचारलं. म्हणाले, "मी बत्तीवाला. मला काय ठावं?"
काळीचं पोट दोन बोटांनी चाचपलं. गोळ्यासारखं लागतं. नुसता खाल्लेला घाससुद्धा असेल.

ता. ९ फेब्रुवारी
सकाळपासून काळी स्वतःच्या पोटाचे केस उपटून खोक्यात पसरते आहे. ही म्हणते, "झालंच समजा." पण डॉक्टर म्हणाले होते की मादी कधी कधी उगीचच केस उपटते, आत काही नसतं. आनंद करावा का, कळत नाही. तीनदा जाऊन आलो. ही ओरडली, "तिला सुखानं बसू द्या की!"
माघातले दहा दिवस गेले. दत्तूचं काहीच पत्र नाही. पत्रात लिहू काय? काळीने केस उपटले एवढंच लिहू? उद्या रिकामं निघालं तर मीच त्याला बुडवला.
दत्तू, पक्कं झालं की मी तुला पत्र लिहीन. तोवर साहेबाला हो म्हणू नकोस. म्हणून बसला असशील तर तेही लपवू नकोस. काय असेल ते लवकर कळव रे.