शेवटचा गोळा

आई, गेल्या रविवारी उपासनेत मी एक चिठ्ठी वाचलीच नाही. मोताळ्याच्या आपल्या चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना आता माझ्याकडे असते. आजारपण, परीक्षा, रुसून गेलेला मुलगा, जे असेल ते लोक चिठ्ठीवर लिहून देतात. मी मोठ्याने वाचते आणि सारी मंडळी त्या माणसासाठी देवाकडे रदबदली करते. त्या दिवशी एका चिठ्ठीवर आपल्या शेजारच्या दमेकरी मुलीचं नाव होतं. मुलगी कसली, माझ्याएवढीच, साठी उलटलेली. शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन. मी चिठ्ठीची घडी घालून बायबलमध्ये सरकवली आणि पुढची उचलली.

कारण तुला ठाऊक असायला हवं. लहानपणी मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये, आणि ती तुझ्या स्वयंपाकघरात. सुट्टीत घरी येते तर चुलीपाशी, माझ्या पाटावर, ती बसलेली. तू भाकरी थापतेस आणि प्रत्येक भाकरीला एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतेस. पहिली भाकर तिची. मग कंडक्टरची बाळंतीण बायको, मग धाड गावच्या बाजारातला, दारू न सुटणारा भाजीवाला. मला तू परातीला हात लावू देत नाहीस, पण शेवटचा गोळा तिच्या हातात देतेस आणि ती ओठ मिटून तो थापते. परात रिकामी होते, माझं नाव येत नाही. एकदा विचारलंच मी, "आई, माझी भाकर कोणती?" तव्यावरची नजरही न हलवता तू म्हणालीस, "तुले खायले भेटते ना? मंग गप खाय." शाळेत सिस्टर शिकवत, दुसऱ्यासाठी मागणं ही मोठी प्रार्थना. त्या सुट्टीत मी रोज दुसऱ्यासाठी मागितलं: ती लवकर बरी होऊन आपल्या घरी जावी.

सोमवारी ती धापा टाकत माझ्या दारात आली. "काऊन वं, माही चिठ्ठी हारपली का?"

"चष्मा नव्हता," मी म्हणाले.

"जाऊ दे. मी तं तुही भाकर आजही टाकूनच आली."

"माझी?"

"तुले माहीतच नाही? शेवटचा गोळा तुहा राहे. तुही आई म्हणे, माह्या पोरीचं नाव घेतलं का मले रडू येते, तिच्यासाठी तू माग. अन् ती घरी असली का मनातल्या मनात माग. तवापासून एक दिवस चुकला नाही. पण तुही भाकर वाकडीच होते बाई, म्हणून तू अशी!"

आज गुरुवार. सकाळी पहिली भाकर मी तिच्या नावाने थापली. देवा, हिला सांभाळ, म्हणाले. मनापासून म्हणाले, तरी ती गेली तर माझ्यासाठी रोज मागणारं कुणी उरणार नाही, हा स्वार्थ त्यात होताच. भाकर फडक्यात बांधून तिच्याकडे गेले आणि चिठ्ठी लपवल्याचं सांगून टाकलं. "ठाऊक होतं," ती म्हणाली, "चष्मा तं नाकावरच होता तुह्या." आणि भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवली.

तू आता या जगात नाहीस, म्हणून हे पत्र त्या चिठ्ठीशेजारी बायबलमध्येच राहील. तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. तू माझ्यासाठी रडायचीस, आणि ते रडणं तिनं पाहिलं, मी नाही. तिच्यासाठी मागताना, आई, तेवढा हेवा मला अजून गिळता येत नाही.